धुतलेली साक्ष

मी शेवाळ बोलतोय. नाक मुरडू नका. ज्याच्यावरून घसरून तुम्ही कंबर मोडून घेता आणि मग पावडर टाकून ज्याला खरवडून काढता, त्याच घराण्यातला मी.

माझा जन्म धुरापासून खूप लांब, जंगलातल्या एका ओल्या दगडावर झाला. मला मुळं नाहीत. खाणं-पिणं सगळं हवेतून. हवा देईल ते मी निमूट पोटात घेतो. संशोधक बाईंना माझा हाच गुण हवा होता. त्यांनी मला उपटलं, शुद्ध पाण्याने धुतलं, वाळवलं आणि नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत भरलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

तिथून मी आलो एका दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. समोर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा कारखाना. घरात आई आणि तिची सहा वर्षांची चिंगी. चिंगीच्या रक्तात शिसं सापडलं होतं. आईने अर्जांवर अर्ज केले. कारखान्याचा मालक म्हणे, "माझ्याच धुराचं कशावरून?" शेवटी मोठ्या मिनतवारीने एकदाच तपासणी मंजूर झाली. ती तपासणी म्हणजे मी.

"दहा आठवडे याला हात लावू नका हं, ताई," मला तारेला बांधत बाई म्हणाल्या. "पाणीसुद्धा घालू नका."

"नाही लावणार. चिंगे, तूसुद्धा नाही!"

का लावायचा नाही, ते बाईंनी सांगितलं नाही. त्यांना घाई होती.

आई शब्दाला जागली. मी मात्र दिवसेंदिवस काळाकुट्ट होत गेलो. चिंगी मला 'काळोबा' म्हणायची आणि खोकत खोकत हसायची. ते विष मला नकोसं व्हायचं. पण माझ्यात जाईल तेवढंच कागदावर येईल, म्हणून ओढत राहिलो.

दहा आठवडे भरले आणि उद्या बाई येणार असा फोन आला. झालं! पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्हा माणसांना एकदम जळमटं दिसायला लागतात. आईने पडदे धुतले, खिडक्या पुसल्या, मग तिची नजर माझ्यावर गेली.

"अगं बाई, किती कळकटलंय हे! बाई काय म्हणतील? मुदत तर संपली आता."

तिने बादलीत साबणाचा फेस केला. मला बुचकळलं, चोळचोळ चोळलं, पिळलं. पाणी काळं झालं. तिच्या सगळ्या अर्जांचं उत्तर त्या बादलीत होतं आणि तिने ते मोरीत ओतलं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. शेवाळाचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी बाईंना जमलं नाही. त्यांनी प्रयोगशाळेतल्या शिपायाला पाठवलं.

"स्वच्छ ठेवलंय हं," आई अभिमानाने म्हणाली.

"बरं केलंत," म्हणत त्याने मला पाकिटात टाकलं आणि तिची सही घेतली.

प्रयोगशाळेत माझ्या आत मुरलं होतं तेवढंच शिसं निघालं. मर्यादेच्या जरासं खाली. मालकाने तो अहवाल चौकटीत घालून फाटकाशी लावला.

बाई स्वतः सांगायला गेल्या, तेव्हा आई चक्रावलीच. "असं कसं? पाणी तर केवढं काळं निघालं होतं!"

"कुठलं पाणी?"

आईने सांगितलं. सांगता सांगता तिलाच कळलं.

"पुन्हा बांधा ना, बाई. पाया पडते."

"मंजुरी एकदाचीच होती, ताई."

हे सगळं बाईंनीच परत येऊन शिपायाला ऐकवलं, चढ्या आवाजात, जणू चूक एकट्या त्याचीच. तपासणीसाठी माझा अर्धा भाग आम्लात विरघळवला. उरलेला मी अंगावर नंबराची चिठ्ठी घेऊन तिथल्याच कपाटात पडलोय. आईवर मी चिडलो होतो, आता नाही. राग आहे तो 'हात लावू नका' एवढंच सांगून जिना उतरणाऱ्यांवर. कुणाच्या दारात काही बांधाल, तर का बांधताय तेही बसून सांगा. दोन मिनिटं लागतात.

पुढच्या महिन्यात चिंगीचं रक्त पुन्हा तपासणार आहेत. त्यातलं शिसं काही साबणाने निघायचं नाही.