बाराला एक कमी

मॅडमच्या वर्गात गुण नव्हते. वर्षाच्या गणिताचे सोळा घटक, आणि प्रत्येकापुढे दोनच शेरे: ‘जमलं’ किंवा ‘अजून नाही’. अर्धं बरोबर, पाऊण बरोबर असली भानगडच नाही. बारा जमले की पास, पंधरा जमले की पहिली श्रेणी. न जमलेला घटक दर गुरुवारी दुपारी मॅडमच्या खोलीत पुन्हा द्यायचा, एका खेपेला फार तर दोन. आधीची चूक कुठंही धरायची नाही. पहिल्याच तासाला त्यांनी हे फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि पोरांचं भलं केल्याच्या समाधानात खडूचे हात झटकले होते.

शेवटच्या गुरुवारी, वेळ संपायला तासभर असताना, ताई आत आल्या. चाळिशी उलटलेल्या, कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवणाऱ्या. वर्गातली पोरं ताई म्हणायची म्हणून मॅडमही म्हणायच्या. त्यांच्या नावापुढे नऊ ‘जमलं’ होते. पास झाल्या तर शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येणार होता. या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या.

“सातही आणलेत,” वही टेबलावर ठेवत ताई म्हणाल्या. “घ्या परीक्षा. एक टाका उसवायचा नाही.”

मॅडमनी वही चाळली. एकेक गणित वीस-वीसदा सोडवलेलं. शेवटच्या पानांवर खाडाखोड औषधालाही नव्हती.

“ताई, एका खेपेला दोनच. इतके गुरुवार गेले, का नाही आलात?”

“कच्चं घेऊन कशी येऊ? कापड एकदा चुकीचं कापलं की संपलं.”

“पण इथं चुकलं तरी चालतं. मी सांगितलं होतं.”

“सगळेच सांगतात हो. गिऱ्हाईकही म्हणतं, असू दे, आणि पुढच्या खेपेला दुसरीकडे जातं.” ताई हसल्या. “दारापर्यंत यायचे मी. बाहेरच्या बाकावर बसायचे. पोरं बाहेर आली की त्यांची तोंडं बघायची, आणि परत.”

मॅडमनी पाहिलं होतं ना ताईंना तिथं. कुणाची तरी वाट बघत असतील, असं वाटलं होतं. एकदा तर चहाचा कप घेऊन जाताना ‘बसा, बसा’ म्हणून पुढे गेल्या होत्या.

ताईंनी दोन घटक दिले. दोन्ही जमले. अकरा झाले.

“तिसरा देऊ?”

मघाशीच एका मुलीला तिसरा नाकारला होता. ती डोळे पुसत गेली होती. मॅडमनी मान हलवली. नाही.

“नियम म्हणजे नियम,” ताई म्हणाल्या. “पण तपासून तरी बघा. माझ्या समाधानासाठी.” आणि वहीचंच पान फाडून त्या तिसरा घटक सोडवू लागल्या.

सगळं बरोबर होतं. मॅडमनी तसं सांगितलं, तेव्हा ताईंचा चेहरा उजळला, आणि ते मॅडमना सहन होईना.

“पुढच्या वर्षी पहिल्या गुरुवारी या,” त्या म्हणाल्या. “कच्चं असलं तरी या. नाही आलात तर बाकावरून मी उठवून आणीन.”

“बघू,” म्हणत ताईंनी वही पिशवीत घातली.

त्या गेल्यावर मॅडमनी निकालाचा तक्ता उघडला. ताईंच्या ओळीत अकरा लिहिले. मग बराच वेळ पुढची ओळ भरवेना.