डिस्कचं दुखणं

त्या घरात दोन जावा होत्या आणि दोघींचं छान पटायचं. नातेवाइकांना ही गोष्ट पचायला जरा जडच जायची. 'जावा-जावा उभा दावा' असं जग म्हणतं, मग या दोघींनी आपली भांडणं ठेवलीत तरी कुठे, असं येणारा-जाणारा मनातल्या मनात शोधत असे. म्हणूनच टीव्हीवरच्या मोटार शर्यतीच्या खेळात संघाचं नाव टाकायची वेळ आली, तेव्हा धाकटीनं खुदकन हसून 'उभा दावा' असंच टाकून दिलं.

कन्सोल होता धाकटीच्या नवऱ्याचा. तो टाइल्सच्या दुकानात विक्रीला होता. आठवडाभर गिऱ्हाइकांपुढे फरश्या मांडून झाल्या की सुट्टीच्या दिवशी तासभर खेळायचा. थोरलीचा नवरा फिरतीच्या नोकरीवर. सासरे निवृत्त वायरमन, त्यांना घरात सगळे बाबा म्हणायचे. थोरली पहाटे उठून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जायची आणि दुपारी परत यायची. धाकटी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, तिची पाळी संध्याकाळची. मधली दुपार तेवढी दोघींची. बाबा आतल्या खोलीत वामकुक्षी घेत आणि बाहेरच्या खोलीत पडदे ओढून 'उभा दावा' शर्यतीला निघे.

खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता. एकानं गाडी चालवायची आणि दुसऱ्यानं शेजारी बसून नकाशा वाचून दाखवायचा. गाडी धाकटीची. नकाशा थोरलीचा. थोरली जन्मात कधी सायकलवरही बसली नव्हती, पण वसतिगृहात भांड्यांच्या खणखणाटातून चार चुलींपलीकडे आवाज पोचवायची तिला सवय होती.

"डावीकडे, एकदम! पुढे खडी आहे, आवर! आता मोकळा रस्ता, सोड तिला!"

तिनं 'आवर' म्हटलं की धाकटी आवरायची, 'सोड' म्हटलं की सोडायची. बर्फातली शर्यत तर त्यांनी अशी मारली, की शेवटच्या वळणाला धाकटीनं चक्क डोळे मिटून घेतले होते आणि गाडी थोरलीच्या आवाजावर पार झाली होती. आता हंगामातली एकच शर्यत उरली होती, घाटाची. ती मारली की हंगाम त्यांचा.

आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली.

एके दुपारी धाकटीनं कन्सोल चालू केला आणि पडद्यावर निळी चौकट आली. बाहेरच्या हार्ड डिस्कवरचा डेटा खराब झाला आहे, डिस्क फॉरमॅट करायची का? खाली 'हो' आणि 'नाही'.

कन्सोलची स्वतःची जागा कधीच भरून गेली होती. सगळे खेळ आणि सगळे हंगाम त्या काळ्या डबीएवढ्या डिस्कवर होते. धाकटीचं बोट 'हो'कडे वळलं.

"थांब!" थोरली शर्यतीतल्या आवाजात ओरडली. धाकटीनं सवयीनं हात आवरला. "फॉरमॅट म्हणजे काय गं?"

"म्हणजे पुसून नव्यानं सुरू करायचं."

"मग ते दुखणं बरं करणं नव्हे, पेशंटच उचलून बाहेर टाकणं झालं. 'नाही' दाब आधी."

धाकटीनं 'नाही' दाबलं आणि नवऱ्याला फोन लावला. तो गिऱ्हाइकासमोर होता. दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही दोघी काय काय दाबत बसता कोण जाणे! आता फॉरमॅट मारा आणि मोकळ्या व्हा."

फोन स्पीकरवर होता. थोरलीला ते लागलं. आपण काही दाबलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण नुसतं म्हणून काय उपयोग? ते दाखवता यायला हवं होतं.

"भाऊजींना म्हणावं, तुमची डिस्क आम्ही नीट करून देतो," ती म्हणाली. मग फोन बंद झाल्यावर हळूच विचारलं, "करता येईल ना गं?"

"मला तरी कुठे येतंय, ताई? बघू."

दोघी खाली मांडी ठोकून बसल्या. धाकटी फोनवर वाचून सांगायची, थोरली हातानं करायची. आधी केबल काढून, पुसून पुन्हा लावली. तीच चौकट. कपाटातून दुसरी केबल शोधून लावली. तीच चौकट. मग डिस्क मागच्या पोर्टमधून काढून पुढच्यात लावली. चौकट हटायला तयार नाही. थोरलीनं डिस्क कानाशी धरली. आत खरखर नव्हती, एकसारखी बारीक घरघर होती.

"कुठे आपटलेली वाटत नाही," ती म्हणाली. "श्वास चांगला चाललाय हिचा."

शेवटी सेटिंगच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, 'तपासून दुरुस्त करा' असं एक कलम सापडलं. दाबलं. पडद्यावर पांढरी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. तेवढ्यात धाकटीची दवाखान्यात जायची वेळ झाली, तरी ती एका चपलेत पाय घालून दारात उभीच राहिली. पट्टी भरली, चौकट गेली आणि 'उभा दावा' पडद्यावर जसाच्या तसा उभा राहिला.

धाकटीनं थोरलीला मिठी मारली आणि एक चप्पल तशीच विसरून जिन्यापर्यंत पळाली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं खेळाला बसायच्या आधी एक हट्ट धरला. "आपला हंगाम दुसरीकडे कुठे उतरवून ठेवता येतो का बघ. दूध उतू गेल्यावर झाकण शोधण्यात काय हशील?"

धाकटीला खेळायची घाई होती, पण ताईचा शब्द कोण मोडणार? तिनं एका पेन ड्राइव्हवर हंगामाची प्रत उतरवली आणि तो ड्राइव्ह थोरलीच्या शिवणाच्या डब्यात टाकला. मग घाटाची शर्यत लागली. पहिल्यांदा दरीत गेल्या, दुसऱ्यांदा झाडावर, तिसऱ्यांदा मात्र गाडी अशी निघाली की कुठे अडलीच नाही. पुलावरून, बोगद्यातून, उतारावरून थेट शेवटच्या रेषेवर. पहिला नंबर! धाकटी सोफ्यावर उभी राहून नाचली. बक्षीस समारंभ उद्या निवांत बघू म्हणून तिनं कन्सोल पूर्ण बंद न करता नुसता झोपवला आणि कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निळी चौकट.

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुरुस्ती पुन्हा लावली. या वेळी पट्टी कितीतरी वेळ रेंगाळली आणि शेवटी बातमी आली ती वाईट. बाकी सगळं वाचलं होतं, एक फाइल वाचली नव्हती. कुठली, ते सांगायला नको.

"प्रत आहे आपल्याकडे," थोरली म्हणाली.

"पण तिच्यात घाट कुठाय? घाट गेला ना, ताई!"

"घाट कुठे जातोय? पुन्हा चढू." थोरली डिस्ककडे बघत राहिली. "पण मला एक सांग. आपण हिला बरं करतो, ही दुपारभर ठणठणीत असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरते. म्हणजे दुखणं हिला नाही. मधल्या वेळात हिला कुणीतरी काहीतरी करतंय."

"भुताटकी?" धाकटीनं नाक पुसत विचारलं.

"भुताला काय तुझ्या गाडीशी वैर आहे?"

त्या संध्याकाळी धाकटी गेल्यावर थोरली भाजी निवडायला मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसली. कन्सोल झोपवलेला होता, त्याचा नारिंगी दिवा लागलेला होता आणि डिस्कचा बारका पांढरा दिवा मधूनच लुकलुकत होता. म्हणजे कन्सोल झोपला तरी डिस्क जागी होती, आतल्या आत काहीतरी लिहीत होती.

बाबा फिरायला निघाले. टोपी घातली, काठी घेतली आणि नेहमीप्रमाणे दारातल्या बोर्डाकडे वळले. जन्मभर विजेत काम केलेला माणूस, घरात फुकट जळणारा दिवा त्यांना सहन होत नसे. बाहेर पडताना एकेक बटण बंद करत जाणं हा त्यांचा नेम होता. पंख्याचं बटण, टक्. टीव्हीखालच्या सॉकेटचं बटण, टक्.

नारिंगी दिवा विझला. डिस्क लुकलुकता लुकलुकता मेली.

थोरलीच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिला पहिल्यांदा झाला तो आनंद. सापडलं! मग लगेच प्रश्न पडला. सापडलं खरं, पण सांगायचं कुणाला? ज्या माणसाला आख्खी गल्ली विजेतलं विचारायला येते, त्याला सून काय सांगणार, की बाबा, तुमच्या हातून बिघडतंय?

तिनं आधी खात्री करायची ठरवली. दुसऱ्या दुपारी डिस्क दुरुस्त केली आणि उठताना धाकटीकडून कन्सोल झोपवायच्या ऐवजी पूर्ण बंद करून घेतला. बाबांनी त्या संध्याकाळीही बटणं बंद केली. पण पुढच्या दुपारी चौकट आली नाही. त्याच्या पुढच्याही दुपारी नाही.

"मग झालं की!" धाकटी म्हणाली. "आपण रोज पूर्ण बंद करू. बाबांना सांगायचंच कशाला?"

"आणि भाऊजी झोपवून ठेवतील तेव्हा? शिवाय त्यांच्या मते अजून आपणच बिघडवलंय. ते मला नाही चालायचं."

बाबा गॅलरीत चष्मा पुसत बसले होते. थोरली शेजारच्या वेताच्या मोड्यावर बसली. आडवळणानं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"बाबा, एक विचारू? यंत्र चालू असताना त्याची वीज मागून तोडली तर काय होतं?"

"जे आत चाललंय ते अर्धवट राहतं. मोठ्या यंत्राला तर धोकाच. आधी यंत्र थांबवायचं, मग बटण. हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. का गं?"

"तो टीव्हीखालचा डबा आहे ना, तो झोपलेला दिसतो, पण आत चालू असतो. डिस्कवर लिहीत असतो. संध्याकाळी बटण बंद होतं आणि ते लिहिणं तुटतं."

बाबांचा चष्मा पुसणारा हात थांबला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. थोरलीला वाटलं, आपण उगाच तोंड उघडलं.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. बसून पाहिलं. मग दोन दिवस डबा आधी पूर्ण बंद करून पाहिला, तर बिघडलं नाही."

"म्हणजे फॉल्ट दिसला, तरी तू तो तपासून घेतलास?"

"हो. उगाच तुमच्यावर आळ नको म्हणून."

बाबा उठले आणि आत गेले. थोरली गॅलरीत एकटीच बसून राहिली.

रात्रीच्या जेवणाला धाकटीच्या नवऱ्यानं सहज विषय काढला. "काय, डिस्कचे डॉक्टर, पेशंट जगला का?"

"तुझी डिस्क मी बिघडवत होतो," बाबा म्हणाले. घास हातात धरून सगळे बघत राहिले. "रोज संध्याकाळी बटण बंद करून. आणि तू या पोरींना बोल लावत होतास. आता मी सांगतो ते ऐक. नोकरीत माझ्या हाताखालून कितीतरी माणसं गेली. बिघाड दिसला की जो तो वायर ओढायला धावायचा. आधी गप्प बसून बघणारे आणि मग खात्री करणारे बोटांवर मोजण्याइतके. ही त्यांतली आहे. आमच्या वीज खात्यात असती तर मी हिला माझ्या गँगमध्ये मागून घेतलं असतं."

थोरलीनं भाताचं भांडं उगाच दिराकडे सरकवलं. धाकटी मात्र अशी ताठ बसली होती, जणू हे सगळं तिच्याबद्दलच चाललंय.

"चुकलो, वहिनी," दीर म्हणाला. "मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलंय. भात घ्या."

रविवारी बाबांनी जुनी हत्यारांची पेटी बाहेर काढली आणि भिंतीवर टीव्हीखालच्या डब्यासाठी वेगळा सॉकेट बसवला. टॉर्च दिराच्या हातात होता, पण स्क्रू कुठला, वायर किती, हे बाबा थोरलीला दाखवत होते. काम झाल्यावर त्या बटणाशेजारी त्यांनी लाल रंगाचा ठिपका काढला आणि म्हणाले, "याला मी हात लावणार नाही. तुम्ही दोघी मालकिणी."

मग शिवणाच्या डब्यातून पेन ड्राइव्ह निघाला आणि प्रत डिस्कवर चढली. बर्फ होता, वाळवंट होतं, घाट नव्हता. या वेळी पडदे ओढलेले नव्हते. दीर सोफ्यावर होता आणि बाबा खुर्ची ओढून अगदी पुढे बसले होते.

"उजवीकडे, सावकाश! पूल अरुंद आहे, मधोमध राहा! बोगदा... बोगदा... आता सोड!"

बोगद्यातून बाहेर पडताना बाबा "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ओरडले.

"बाबा, मधे बोलू नका!" थोरली त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. बाबा गप्प झाले आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. शेवटचा उतार, दोन वळणं, एक उडी. गाडीचा मागचा दिवा फुटला, दार लोंबकळायला लागलं, पण रेषा पार झाली. पहिल्या खेपेपेक्षा वेळही कमी लागला होता. पडद्यावर फटाके उडाले आणि हंगामाच्या फलकावर सगळ्यात वर 'उभा दावा' झळकला. दीर टाळ्या वाजवता वाजवता उभा राहिला. धाकटीनं हातातला कंट्रोलर थोरलीच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात थोरलीच्या घशातून धड आवाज फुटेना. सोबतीच्या बायका विचारायला लागल्या, घसा कशानं बसला, थंड काही प्यालीस का?

"नाही," तिनं घोगऱ्या आवाजात सांगितलं, "काल शर्यत जिंकले."

बायका हसल्या. थोरली हसली नाही. तिनं कांद्याची टोपली पुढ्यात ओढली, सुरी घेतली आणि निळी चौकट आली तिथपासून सगळं सांगायला सुरुवात केली. बटणापर्यंत गोष्ट आली तेव्हा चुलीवरचं पाणी उकळून अर्धं झालं होतं आणि कुणालाही त्याची आठवण नव्हती.