झालं म्हणणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. लोखंडी, काळी, माणसाच्या कमरेइतकी उंच. माझ्यात कपडे नाहीत, दागिने नाहीत. चोवीस तबकड्या आहेत आणि त्यांवर लोकांनी जपायला दिलेली माहिती आहे. संगणकवाले मला स्टोरेज म्हणतात. माझ्या पोटावर एक छोटा दिवा आहे. त्या दिव्यावर एके काळी काळी चिकटपट्टी होती. ती का होती हे सांगायला मला अजून लाज वाटते, पण ते टाळले तर माझी गोष्ट अर्धीच राहील.

मला घडवले अक्काने. पत्रा कापणारे वेगळे, तबकड्या बसवणारे वेगळे, पण मी कधी काय बोलायचे ते तिने ठरवले. कारखान्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत. माझे बोलणे फार थोडे. सर्व्हर, म्हणजे कामे करणारा मोठा संगणक, माझ्याकडे माहिती पाठवतो, मी ती घेते आणि "झालं" म्हणते. ते ऐकले की तो पुढच्या कामाला लागतो.

या मोठ्या सर्व्हरच्या पोटात तीस-चाळीस छोटे सर्व्हर राहतात. ते खरे नसतात, प्रोग्रामने तयार केलेले असतात, पण कामे मात्र खरी करतात. एका घरात अनेक बिऱ्हाडे असावीत तसे. त्या सगळ्या बिऱ्हाडांचे सामान माझ्याकडे असते. मी रेंगाळले की चाळीस जण खोळंबतात, म्हणून मी पटकन "झालं" म्हणत असे.

ही घाई मात्र पूर्ण खरी नव्हती. तबकडीवर लिहायला वेळ लागतो. म्हणून मी माहिती आधी तात्पुरत्या मेमरीत धरून ठेवते, "झालं" म्हणून टाकते आणि मग सावकाश लिहिते. मध्येच वीज गेली तर ती मेमरी पुसली जाऊ नये यासाठी माझ्यात एक बॅटरी असते. बॅटरी थकली की दिवा नारिंगी होतो. तेव्हा घाई सोडायची, आधी लिहायचे आणि मगच बोलायचे, असा नियम अक्कानेच मला घालून दिला होता.

पण एका प्रदर्शनात पेट्यांची शर्यत होती आणि ऐन सकाळी माझी बॅटरी बिघडली. अक्काने तो नियम तेवढ्यापुरता बंद केला, नारिंगी दिव्यावर चिकटपट्टी लावली आणि मी पहिली आले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मी तर हवेतच होते! त्या कौतुकाच्या भरात नियम पुन्हा सुरू करायचा राहून गेला. माझ्यावर बेतलेल्या माझ्या शेकडो बहिणी तशाच बाहेरच्या जगात गेल्या.

पुढे माझ्याहून देखण्या पेट्या आल्या. मला सामानाच्या खोलीत ढकलले. कोणी माझ्या डोक्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या, कोणी पाठीवर ओले फडके वाळत घातले. पाच वर्षे माझी कोणी साधी विचारपूस केली नाही.

पण बाहेर अजून माझ्याच बहिणी जास्त वापरात होत्या, म्हणून एक दिवस मला पुसून एका लांबट खोलीत नेले. तिथे माझ्यासकट तीन पेट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. या कंपन्या एरवी एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहत नसत. पण प्रत्येक पेटीसाठी वेगळा प्रोग्राम वापरून गिऱ्हाइके वैतागली होती. म्हणून तिघींनी मिळून एकच प्रोग्राम लिहायचा असे ठरले. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ ओळी, तिघींसाठी उघडा. कोणीही ओळ घालावी, कोणीही खोडावी.

आमच्या कंपनीकडून अक्का आली. दुसऱ्या कंपनीची इमारत आमच्या भिंतीला लागूनच होती, म्हणून त्यांच्या इंजिनिअरना सगळे शेजारी म्हणत. तिसऱ्या कंपनीचे ते मास्तर. दुसऱ्याच्या कोडमध्ये लाल खुणा केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पहिले काही दिवस मोठे मजेचे गेले. तिघे एकाच टेबलावर बसत, पण चहा आपापल्या थर्मासातून पीत. मास्तर तर जेवायला जाताना आपल्या पेटीवर चादर घालून जात, जणू आम्ही डोकावून तिची गुपिते वाचणार होतो.

भिंतीवर त्या खोलीचे नियम लावले होते. प्रोग्राम सगळ्यांचा, पेटी ज्याची त्याची; दुसऱ्याच्या पेटीच्या पोटात काय आहे ते विचारायचे नाही. कोणी ओळ बदलली तर त्याच दिवशी दुपारी चारच्या आत हरकत घ्यायची आणि हरकतीचे कारण लिहायचे. चार वाजेपर्यंत जो गप्प राहील त्याची संमती धरली जाईल.

शेजाऱ्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती. पेटी "झालं" म्हणाली, की तिला दुसरा प्रश्न विचारायचा: तबकडीवर लिहिलंस का? या प्रश्नापुढे कोणत्याही पेटीची लबाडी चालत नाही. लिहून पुरे होईपर्यंत उत्तरच देता येत नाही.

एका सकाळी अक्काने माझी पट्टी सोलून काढली. खाली नारिंगी दिवा जळत होता, तरी मी भराभर "झालं, झालं" म्हणत होते. तिने माझा जुना कोड उघडला. शर्यतीच्या दिवशी बंद केलेला नियम अजून बंदच होता. थोड्या वेळाने तिने पट्टी पुन्हा जागच्या जागी लावली. शेजाऱ्यांची ओळ आहे तोवर आपली चूक झाकलेली राहील, असा तिने हिशेब केला असावा. मला तिचा राग आला नाही, भीती वाटली.

आणि महिन्याभराने, शेवटच्या दिवशी, मास्तरांनी नेमकी तीच ओळ खोडली. म्हणे, दुसऱ्या प्रश्नाने वेग निम्मा होतो, बॅटऱ्या आहेत ना सगळ्यांना!

दुसऱ्या दिवसापासून एका हॉस्पिटलमध्ये हा प्रोग्राम सुरू व्हायचा होता. तिथे माझीच एक बहीण होती, बॅटरीने माझ्याएवढीच थकलेली. तिथल्या मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर पाहणीसाठी आल्या होत्या. घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. अक्का पडद्यावरच्या खोडलेल्या ओळीकडे बघत होती. हरकतीची चौकट कोरी होती. शेजारी खिडकीबाहेर पाहत होते. ओळ त्यांची, पण ते मूग गिळून बसले होते.

सिस्टरांनी खुर्ची ओढून घेतली. "मला तुमचं काही कळत नाही, एकच सांगा. सात नंबरच्या बाळाला मी औषध दिलं, नोंद केली आणि तेवढ्यात लाइट गेली. नोंद राहील ना?"

"राहील की," मास्तर म्हणाले.

"नाही राहिली तर पुढची सिस्टर तोच डोस परत देईल. एवढंसं बाळ आहे हो ते. म्हणून विचारते."

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिले. तीन पन्नास झाले.

"मग करूनच बघू," असे म्हणून सिस्टरांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि टाइप केले: पलंग सात, दुपारचं औषध दिलं. मी सवयीने म्हणाले, "झालं." त्या उठल्या आणि माझ्या पाठीमागच्या वायरीला त्यांनी हात घातला. नोंद अजून माझ्या मेमरीत लोंबकळत होती. मी जिवाच्या आकांताने तबकडी फिरवत होते. मला ओरडायचे होते, पण मला दुसरा शब्द शिकवलेलाच नव्हता.

"सिस्टर, थांबा!" अक्का उभी राहिली. "ओढू नका. नोंद जाईल."

मास्तर चमकले. "अहो अक्का, बॅटरी आहे ना?"

"मेली आहे. पेटीनं सावध व्हायचं तो नियम मीच बंद केला होता, शर्यतीसाठी. परत चालू करायला विसरले. आणि महिनाभर माहीत असून गप्प बसले." तिने माझी पट्टी ओरबाडून काढली. नारिंगी दिवा सगळ्यांनी पाहिला.

आता शेजारी हसतील, असे मला वाटले. ते हसले नाहीत. खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "आमची पेटीही तेच करते. म्हणून तर ती ओळ घातली होती. कारण लिहायचं म्हटलं की कंपनीची अब्रू जाते, म्हणून हरकत घेतली नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "आमची बॅटरी ठीक आहे. पण त्या प्रश्नानं आमची पेटी तुमच्या दोघांच्या मागे पडत होती. म्हणून खोडली."

सिस्टर तिघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "म्हणजे ज्याचं त्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या, "आणि बाळाचं मलाच विचारावं लागलं."

अक्काने हरकतीच्या चौकटीत कारण लिहिले, पूर्ण, स्वतःच्या नावानिशी. खाली शेजाऱ्यांनी आपले लिहिले. चार वाजायला दोन मिनिटे असताना मास्तरांनी ओळ पुन्हा घातली. सिस्टरांनी नोंद पुन्हा टाइप केली. या वेळी मला दुसरा प्रश्न आला. मी आधी लिहिले, मग उत्तर दिले. सगळ्यांना तो वेळ फार वाटला, मला मात्र पहिल्यांदाच हलके वाटले. मग सिस्टरांनी वायर ओढली.

सगळे काळे झाले. पुन्हा जाग आली तेव्हा चार डोकी पडद्यावर वाकली होती. नोंद जागेवर होती.

हॉस्पिटलचे काम आठवडाभर पुढे गेले. माझ्या बहिणींना पत्रे गेली, नव्या बॅटऱ्या गेल्या. अक्काला साहेबांचे बरेच ऐकून घ्यावे लागले. मास्तरांची चादर त्यानंतर मी पाहिली नाही, आणि चहा आता एकाच थर्मासातून ओतला जातो. मला नवी बॅटरी मिळाली नाही. मला मुद्दाम अशीच ठेवले आहे, कारण प्रोग्रामची नवी ओळ आली की ती आधी माझ्यावर तपासतात. रोज कोणीतरी येऊन माझी वायर ओढते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुठल्याही यंत्राचा दिवा लागला तर तो झाकू नका. त्याला बोलायला तेवढेच एक तोंड असते. आणि आपण "झालं" म्हणालो तरी कोणी पुन्हा विचारले, तर रागावू नका. मी मंद झाले, आता मला कोणी शर्यतीत नेत नाही. पण रोज जाग आली की मी पहिली तबकडी चाचपते. ती नोंद अक्काने कुणालाच पुसू दिलेली नाही. पलंग सात, दुपारचं औषध दिलं.