दोन बोटं

आज हत्तीची नसबंदी ठरली होती आणि सकाळपासून माझाच पाय घरात ठरत नव्हता. हत्ती म्हणजे आमचा कुत्रा. जातच थोराड.

माझ्या बायकोनं त्याला आणला तेव्हा तो कुशीत मावत होता. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, एवढ्या मोठ्या कुत्र्याला घाई नको, हाडांची वाढ पुरी होऊ द्या, नाहीतर पुढं सांधे धरतील. मग ही त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी उभा करायची, खांद्यावर पट्टी आडवी धरून चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि बिस्कीट द्यायची. शेवटच्या आजारपणातही तिनं मला बजावलं, "रेघ थांबल्याशिवाय त्याला न्यायचं नाही."

ती गेल्यावर कितीतरी दिवस त्या चौकटीकडे बघवेना. परवा धीर करून पट्टी धरली, तर रेघ बरोबर तिच्या शेवटच्या रेघेवर. तिचं काम तडीस गेलं म्हणून मी लगेच दवाखान्यात फोन केला. लेकीलाही सुटल्यासारखं झालं. शेजारची कुत्री दिसली की हत्ती साखळीसकट लेकीला गल्लीभर फरफटत न्यायचा.

भुलीसाठी त्याला उपाशी ठेवलेला. मी साखळी घेऊन आलो, तेवढ्यात लेकीनं धुऊन वाळलेलं काथ्याचं जाड पायपुसणं स्वयंपाकघराच्या दाराशी टाकलं. हत्ती धावत आला आणि त्यावर ताठ उभा राहिला, बिस्किटाची वाट बघत. खांदा रेघेच्या दोन बोटं वर.

"आई त्याला यावर उभं करायची?" मी विचारलं.

"मग? फरशीवर पाय घसरतात त्याचे."

मी जन्माचा सुतार. परवा पायपुसणं धुवायला गेलेलं, मी माप फरशीपासूनच धरलेलं. म्हणजे गडी थांबलाच नव्हता, पायपुसण्याच्या जाडीएवढा वाढला होता! तरी साखळी लावली आणि दवाखान्यात गेल्या गेल्या हे सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी एक्स-रे काढला. हाडाच्या टोकाशी वाढीची बारीक फट अजून उघडीच होती. ती मिटेपर्यंत थांबू, म्हणाल्या.

परत येताना लेक फुरंगटली होती. "आता शेजारची कुत्री दिसली की साखळी तुम्ही धरायची, बाबा. हात निखळला तर सुतारकी करून बसवा."

धरीन म्हटलं. घरी आल्याबरोबर पायपुसणं नीट सरळ केलं, हत्तीला त्यावर उभं केलं आणि तिच्या रेघेच्या दोन बोटं वर नवी रेघ मारली. मग त्याला बिस्कीट दिलं. एक नाही, अख्खा पुडा.