शुभ घर

ल्यू चिन फातने रंगवलेली पहिली पाटी अशी होती:

खोली नाही. खाट नाही. विचारू नये.

तेव्हा तिमाह बारू गावात एका खाटेवर पाळीपाळीने तिघं झोपत. खाणीतून कथील निघे, आणि बायका ओढ्यात लाकडी परात फिरवून उरलंसुरलं धुऊन काढत. चिन फातची बायको योक लान त्यांतलीच. "अक्षर देखणं आहे तुमचं," ती म्हणायची, "तोंडातून मात्र शब्द फुटत नाही."

पंच्याऐंशी साली कथलाचा भाव कोसळला. पंप थांबले. मग:

शुभ घर

शुभ घर

शुभ घर

म्हणजे रिकामं. त्यांच्या चिनी बोलीत 'रिकामं' आणि 'अशुभ' यांचा उच्चार एकच. खाणवाले तो शब्द जिभेवर घेत नसत, उलट 'शुभ' म्हणत. "एवढं शुभ गाव उभ्या मलेशियात नसेल," कॉफीवाला आ लोक म्हणायचा. मग त्यानेही पाटी लावली. गावातला एकुलता फोन त्याच्याबरोबर गेला.

योक लानचा खोकला वाढला. मुलगा कोक वेंग सिंगापूरला. इंग्रजी शाळेत शिकलेला, चिनी अक्षरं जेमतेम लावायचा. त्याचं पत्र आलं: मा कशी आहे? रजा एकदाच मिळेल. कधी येऊ?

पत्र हातात पडलं, त्याच्या आदल्या दिवशी तिला टेकडीवर पुरलं होतं.

चिन फातने कुंचला भिजवला. 'रिकामं' हे अक्षर हात लिहीना. शेवटी लिहिलं:

आता घर शुभ झालंय. ये.

सात आठवड्यांनी दारात गाडी थांबली. कोक वेंग, सून, संत्र्यांची पिशवी, तान्ही नात.

"मा! बघ कोण आलंय! पा, किती वाळलात! मा उपाशी ठेवते की काय?"

"उशीर केलास."

"तुम्हीच लिहिलंत ना, घर शुभ झालं म्हणून. म्हटलं, मा बरी झाली, आता बाळाला घेऊनच जाऊ. कुठाय ती?"

चिन फातने चढणीकडे बोट केलं.

"टेकडीवर."

सुनेने पिशवी खाली ठेवली. टेकडीवर काय असतं, ते तिला ठाऊक होतं.

"एवढी चढली?" कोक वेंग हसला. "म्हणजे ठणठणीत झाली की!" पोरीला कडेवर घेऊन तो हाका मारत चढणीला लागला. चिन फात मागून निघाला. त्याला थांब म्हणायचं होतं. पावलं तेवढी भराभर पडत राहिली.