अर्धी पट्टी खाली

माझ्या दादाला एका जागी पाच मिनिटं बसवून दाखवा, माझी बेस गिटार तुम्हाला फुकट देऊन टाकीन! साउंडचेक चालू असतानाही हा स्टेजवर येरझाऱ्या घालणार, मध्येच ॲम्प्लिफायर सरकवणार, ड्रमरला टोमणा मारणार, "अरे, बडवतोयस की कुरवाळतोयस?" उभा जन्म ब्लूज-रॉक वाजवण्यात गेला त्याचा. हॉटेलांत, जहाजांवर, कंपन्यांच्या पार्ट्यांत. तार बोटाने वर ढकलून सूर असा रडवतो, की वेटरसुद्धा ट्रे हातात धरून थांबतात.

पण गेल्या वर्षीपासून नेमकं तेच बोट सुजायला लागलं. डॉक्टर म्हणाले, संधिवात. दादा म्हणाला, "ज्या दिवशी तारा सैल कराव्या लागतील, त्या दिवशी गिटार खाली ठेवीन." झालं! याच्यापुढे कोण बोलणार? आणि गिटार ठेवली तर हा माणूस घरात बसून करणार काय? वहिनी फोनवर मला म्हणाली, "वन्सं, काहीही करा, पण ह्यांना वाजवता ठेवा. नाहीतर खचतील हो."

मग केलं मी. दोघांच्या गिटारी सुरात लावायचं काम पहिल्यापासून माझंच. गुपचूप दोन्ही अर्धी पट्टी उतरवल्या. तारा सैल, बोटाला आराम. ड्रमरचा प्रश्नच नव्हता, त्याला खाली काय नि वर काय! दादाही काही बोलला नाही.

काल दुपारी मात्र घोळ झाला. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी फुंकरकाका आले. दादाचे जुने साथीदार, माउथ ऑर्गनवाले. गिटारच्या खुंट्या पिळता येतात. माउथ ऑर्गन ज्या पट्टीचा असेल त्याच पट्टीत वाजणार. आणि मी शहाणी, त्यांना कळवायचंच विसरले! त्यांनी पहिली फुंकर मारली आणि मांजरं भांडावीत तसा आवाज झाला.

"अरे, तुम्ही सगळे अर्धी पट्टी खाली का?" काका ओरडले.

ड्रमर टकामका बघत राहिला. दादा जागच्या जागी थांबला.

"दादा, ते मी..."

"मला काय बहिरा समजतेस?" तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू बोलली नाहीस, म्हणून मीही गप्प बसलो. कोणी बोललं असतं, तर शब्द पाळावा लागला असता."

आता काका बोलून बसले होते, तेही सगळ्यांसमोर. दादाने गळ्यातून गिटारचा पट्टा काढला. मला रडूच फुटलं. "खड्ड्यात गेला तुझा शब्द!" मी म्हणाले. "नको ना रे ठेवू."

त्याने सुजलेलं बोट चोळलं.

"काका, आणखी खालच्या पट्टीचा माउथ ऑर्गन असेल तर काढा," तो म्हणाला. मग गिटार माझ्या हातात दिली. "रडतेस काय? अजून अर्धी उतरव. फार दुखतंय गं."