देवाच्या शेळ्या

माळावर चराईबंदीची टूम आसारामचीच. पाथर्डीकडचा तो माळ तेव्हा इतका उघडा, की सरड्याला लपायचं तर दुसऱ्या सरड्यामागं लपावं लागे. गावानं खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, माळावर जनावर घालायचं नाही. राखणीला आसारामनं आपल्या बहिणीच्या, कडूबाईच्या नवऱ्याला, सहादेवला, उभं केलं. राखणदाराच्याच दारात शेळ्या दिसल्या तर लोक हसतील, हेही तोच म्हणाला. सहादेवनं शेळ्या विकल्या. घेतल्या आसारामनं, दावणीला बांधून पाला घालीन म्हणून.

पहिल्या पावसाळ्यात नुसती कुसळं. माळापेक्षा तुमच्या धोतरातच जास्त उगवलीत, असं कडूबाई नवऱ्याला म्हणायची. दुसऱ्या वर्षी कुसळीच्या बुडाशी पवन्या गवत दिसलं, मग मारवेल, जनावरं जिच्यावर तुटून पडतात ती. कुठल्या मुळ्या इतकी वर्षं दबा धरून बसल्या होत्या कोण जाणे. खुरटलेल्या बोरी वर आल्या, तितर परतले. सहादेव पायवाटेवरही पाय जपून टाकू लागला.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. सगळा मुलूख भाजला. माळावर तेवढं वाळकं, पण गुडघाभर गवत उभं.

एका सकाळी त्यात शेळ्या शिरल्या. प्रत्येकीच्या कपाळाला भंडारा. मागून आसाराम, अनवाणी, तोंड नवस फेडायला निघाल्यासारखं. सहादेवनं काठी उगारली.

"दाजी, देवाला सोडल्यात. देवाच्या जित्राबाला काठी लावू नका."

"शपथ तूच घातली हुतीस."

"आपल्या जनावरांची. ही आता आपली कुठं हायेत?"

देवाला सोडलेलं जनावर कुणी हाकलत नाही. काठी वरच राहिली. चांदी, त्याचीच जुनी शेळी, ओळखून जवळ आली, त्याच्या धोतराला कपाळ घासलं आणि पुन्हा चरायला गेली.

दोन दिवसांत गावातल्या सगळ्या शेळ्या धार्मिक झाल्या. आठवड्यात माळ पुन्हा होता तसा उघडा.

मग सहादेवनं स्वतःच्या कपाळाला भंडारा फासला आणि आसारामच्या घरी जाऊन पाटावर बसला. आसारामची बायको भागूबाई वाढत राहिली. दुष्काळातली भाकरीची टोपली तळाला लागली, तसा आसाराम कळवळला.

"दाजी, किती जेवताय?"

"जेवत न्हाई, चरतोय. मला देवाला सोडलंय. हाकलून बघ."

"कुनी सोडलं तुमाला?"

"तूच की. शेळ्या नेल्यास, माळही चारलास. आता देवाशिवाय कोन हाय मला?"

सहादेवनं उरलेली भाकरी मोडली, पण तुकडा तोंडात न घालता परत ताटात ठेवला. दारात चांदी रवंथ करत होती. तिच्या तोंडाला मारवेलीचा वास येत होता.